हाफिजाच्या चार बाटल्या

राजारामपुरीच्या मागच्या अंगाला आमची गल्ली आहे. तिच्या टोकाला हाफिजा शिकलगारचं दोन खोल्यांचं घर. राजारामपुरीतल्याच एका छोट्या दवाखान्यात ती एकोणीस वर्षं ‘मावशी’ म्हणून काम करते. मावशी म्हणजे चादरी बदलणारी, फरशी पुसणारी, पेशंटला भांडं देणारी. शाळेत ती माझ्याच वर्गात होती. अक्षर काही सुंदर नव्हतं, पण वहीत समास सोडायला ती कधी विसरली नाही. अजूनही तशीच आहे. दोरीवर वाळत घातलेल्या चादरींची टोकंसुद्धा तिला जुळलेली लागतात.

नवरा गेला तेव्हा मुलगी कशिश सातवीत होती. मुलीला हाफिजाने एकटीनेच वाढवलं, शिकवलं आणि दोन वर्षांपूर्वी मुरगूडच्या झिशानशी तिचं लग्न लावून दिलं. मुलगी सासरी गेल्यावर घर रिकामं झालं आणि हाफिजा गच्चीवर झाडं लावू लागली.

ती बाग दवाखान्याच्या टाकाऊ सामानावर उभी होती. गंज लागलेल्या ट्रेमध्ये मेथी. जीभ दाबून बघायच्या लाकडी पट्ट्यांवर झाडांची नावं: लवंगी मिरची, गावठी गुलाब, पुदिना. आणि दोऱ्यांना उलट्या टांगलेल्या सलाईनच्या बाटल्या, त्यांच्या नळीतून कुंडीत थेंब थेंब पाणी. यातलं पेशंटला वापरलेलं काहीच नव्हतं. दवाखान्यातल्या स्नेहल सिस्टरने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “मावशी, पेशंटला लागलेलं काय बी घरी न्यायचं न्हाय. त्याला भोकं पाडून लाल पिशवीत घालायचं. कपाटात पडून तारीख उलटलेलं, सील न फोडलेलं तेवढं न्या. मोठ्या डॉक्टरांना मी विचारलंय.” हाफिजाने हा नियम कधी मोडला नाही.

आतलं मीठपाणी ती मोरीत ओतायची, कारण एकदा ते घालून एक गुलाब करपला होता. सुरुवातीला ती बाटलीचं बूड कापून वरून पाणी भरे. मग एका पावसाळ्यात डेंग्यूच्या तपासणीला आलेल्या महापालिकेच्या बायकांनी बॅटरी मारली, तर बाटलीत डासांच्या अळ्या वळवळत होत्या. गल्लीसमोर बोलणी खावी लागली. हाफिजाला ते फार लागलं. त्या दिवसापासून तिने बाटली कापणं सोडलं. पाकिटात राहून गेलेली जाड सुई आणि मोठी सिरिंज घेऊन ती टोपणाच्या रबरातून मीठपाणी ओढून काढायची आणि त्याच वाटेने खताचं पाणी भरायची. नळाच्या पाण्यात चिमूटभर युरिया. विरघळला की काचेसारखा स्वच्छ. बाटली बंद ती बंदच, डासाला शिरायला जागा नाही. वरचं छापील लेबलही ती काढायची नाही, कारण पाणी किती गेलं ते त्यावरच्या आकड्यांवरून कळे.

अशा भरलेल्या चार बाटल्या, नळ्यांच्या पाकिटांसकट, तिने डिसेंबरात कशिशबरोबर मुरगूडला पाठवल्या. तिथे कुंड्या आणायच्या राहिल्या. जावेची पोरं हात लावतील म्हणून कशिशने बाटल्या, त्यांत काय आहे ते कोणाला न सांगता, कपाटात ठेवल्या. जानेवारीत सातवा महिना संपताच ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, आणि बाटल्या कपाटात राहिल्या.

पुढची गोष्ट फेब्रुवारीतली. त्या दिवशी हाफिजाची सुट्टी होती. दुपारी मायलेकी तांदूळ निवडत बसल्या होत्या. मुरगूडहून जावेचा, रुबीनाचा फोन आला. कशिशने तो स्पीकरवर ठेवला.

“कशिश, घाबरू नगंस हं. अम्मीला कालपास्नं जुलाब लागल्यात. पाक गळून गेल्यात बघ.”

“डॉक्टरला दावलं का?” कशिशने विचारलं. अम्मी म्हणजे तिची सासू.

“आपला नेहमीचा दवाखाना संध्याकाळी उघडतोय. जोतीराम कंपाउंडर आल्यात घरी. सलाईन लावली की तरतरी येतीया म्हनत्यात. मेडिकल बी बंद हाय दुपारचं. पर तुझ्या कपाटात बाटल्या हुत्या की! तुझ्या अम्मीनं दिल्याल्या. लई नड भागली. खालाला सांग, रुबीना दुवा देतीया म्हनून.”

मागून पुरुषाचा आवाज आला, “अवो, हात धरा हिकडं,” आणि फोन बंद झाला.

कशिश आईकडे बघत राहिली. हाफिजाच्या मांडीवरचं सूप कधी कलंडलं ते तिला कळलं नाही.

“लाव,” ती म्हणाली. “लाव परत.”

फोन वाजत राहिला. कोणी उचलला नाही. पुन्हा लावला. वाजला. तिसऱ्यांदा लावला तेव्हा तो बंद असल्याचं सांगणारी बाई बोलू लागली. झिशान कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कामाला, तिथे फोन गेटवर जमा करावा लागतो. रुबीनाचा नवरा शारजाला. शेजारच्या धोंडुबाईंकडे फोनच नाही. जोतीराम कंपाउंडरचा नंबर कुणाजवळ असणार? मुरगूडच्या त्या दवाखान्याच्या पाटीवरचा नंबर कशिशने मोबाइलवर शोधून लावला, तर तो वाजून वाजून थांबला.

“अम्मी, युरियानं मानूस मरतंय का?”

युरियापेक्षा हाफिजाला पाण्याचीच जास्त भीती वाटत होती. नळाचं पाणी, दोन महिने बंद बाटलीत राहिलेलं, सरळ शिरेत. दवाखान्यात सलाईनमध्ये एक केस दिसला तरी सिस्टर अख्खी बाटली टाकून देते, हे तिने हजारदा पाहिलं होतं.

“तू फोन लावत ऱ्हा,” ती म्हणाली. “कंपनीच्या गेटवर बी लाव. आनि रडू नगंस. पोटातल्याला कळतंय.” पायात चपला अडकवून ती बाहेर पडली.

कोपऱ्यावर विश्वजितची रिक्षा उभी होती. विश्वजित चाळिशीचा, गडगडाटी. गल्लीतल्या सगळ्यांना आपल्या हक्काचे समजणारा.

“चला चाची, दवाखाना काय?”

“मुरगूड.”

“मुरगूड? अवो, ही रिक्षा हाय, इमान न्हवं! एस्टीनं जावा की निवांत.”

“विश्वजित, चल बाबा.”

तिचा चेहरा बघून त्याने किक मारली. शिरोलीच्या बाजूला न जाता तो उजळाईवाडीकडून हायवेला लागला. बरंच अंतर गेल्यावर त्याने आरशातून विचारलं, “कोन गेलं का चाची?”

“अजून न्हाय,” हाफिजा म्हणाली.

मग तिने त्याला सगळं सांगितलं. विश्वजित पहिल्यांदा मोठ्याने म्हणाला, “आयला, खत चढवत्यात म्हातारीला!” आणि अ‍ॅक्सिलेटर पिळला. कागलपर्यंत रिक्षा त्याने अशी पळवली, की हायवेवरचे ट्रकवाले खिडकीतून वाकून बघत होते.

हाफिजा मागे बसून हिशेब करत होती. पाचशेची बाटली. वीस थेंबांचं एक मिली. गच्चीवर ती नळीचं चाक मिनिटाला दहा थेंबांवर ठेवायची, तेव्हा बाटली दिवसभर पुरायची. पण जुलाबाने सुकलेल्या माणसाला कोणी दहा थेंब लावत नाही. चाक पूर्ण सोडलं तर बाटली तासाभरात रिकामी. मध्यम ठेवलं तर अडीच-तीन तास. फोन आला तेव्हा सव्वा वाजला होता. आता पावणेदोन. म्हणजे जोतीरामचा हात सैल असेल तर अर्धी बाटली गेली. तिने डोळे मिटले, तर डोळ्यांपुढे नळीतल्या फुग्यात थेंब पडताना दिसू लागले. एक, दोन, तीन. डोळे उघडले तरी ते थांबेनात.

कागलला कशिशचा फोन आला. रुबीनाचा फोन बंदच होता. कंपनीच्या गेटवरचा माणूस म्हणाला होता, साडेचारला शिफ्ट सुटते, निरोप देतो. झिशानला घ्यायला एमआयडीसीत शिरावं असं हाफिजाच्या मनात येऊन गेलं. पण त्यात अर्धा तास गेला असता, आणि अर्धा तास म्हणजे किती थेंब, ते तिने मोजलंच नाही. त्याहून वाईट एक विचार वाटेत तिच्या मनात आला होता, तो तिने मला फार नंतर सांगितला. ‘बाई, मला वाटलं, म्हातारी दगावली तर माझी पोरगी त्या घरात परत कशी जाईल? म्हातारीचं नंतर सुचलं, पोरीचं आधी.’ हे सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती.

कागल सोडून मुरगूडच्या रस्त्याला लागल्यावर पुढे उसाचा ट्रॅक्टर आला. मागे दोन ट्रॉल्या, वर दोन माणसं उंच ऊस. रस्ता अरुंद. विश्वजितने हॉर्न दाबून धरला.

“ए पावणं! जरा कडंला घे की!”

ट्रॅक्टरवाल्याने मान वळवली. “कुटं कडंला घेऊ? चरीत घालू व्हय?”

“पेशंट हाय रं!”

“कुटाय पेशंट? बाई तर धडधाकट बसलीया!”

“पेशंट फुडं हाय! आमी मागं हाय!”

ट्रॅक्टरवाल्याला यातलं काय कळलं कोण जाणे, पण पुढच्या फाट्यावर त्याने ट्रॉल्या थांबवल्या आणि वाट दिली. हाफिजाने दुवा द्यायला हात वर केला.

मुरगूडला घरापुढे रिक्षा थांबली तेव्हा पावणेतीन वाजले होते. दारात रडणं ऐकू येतंय का म्हणून तिने कान दिला. आतून कपबश्यांचा आवाज आला. रुबीना हातात चहाचा ट्रे घेऊन दारात आली.

“खाला! तुमी? आनि अचानक? या की, या. बघा, तुमच्या बाटलीवरच चाललंय सगळं आमचं!”

हाफिजाची नजर माणसाआधी बाटलीवर गेली. खिडकीच्या गजाला परकराच्या नाडीने ती बांधली होती. पाणी साडेचारशेच्या खुणेच्या थोडं वर. नळीचं चाक बंद. मग तिने पलंगाकडे पाहिलं. कशिशची सासू खैरूनबी डोळे मिटून पडली होती. छाती वर-खाली होत होती. डावा हात मनगटापासून बोटांपर्यंत पुरीसारखा फुगला होता.

स्टुलावर पांढऱ्या केसांचे जोतीराम कंपाउंडर बशीत चहा ओतत होते. तीस वर्षं एका डॉक्टरांच्या हाताखाली काढलेला माणूस. गावातली निम्मी पोरं त्यांच्या सुईला घाबरून मोठी झाली.

“तासभर शीर हुडिकली, दोनदा फुटली,” ते हाफिजाला म्हणाले. “तिसऱ्यांदा गावली वाटलं, सोडलं, तर समदं कातडीखाली गेलं. वयस्कर मानसाचं असंच असतंय. चा घेतो आनि उजव्या हाताला बघतो.”

म्हणजे थांबलं होतं. हाफिजा उंबऱ्यापाशी खाली बसली. रुबीनाने पाणी आणून दिलं. कोणालाच काही माहीत नव्हतं. बाटली काढून घेतली असती, रिक्षात टाकून नेली असती, तर कधी कोणाला कळलंही नसतं.

ती उठली. “जोतीरामदादा, ती लावू नगा. तारीख उलटलीया तिची.”

जोतीराम हसले. “आठ म्हैनं झाल्यात. बघितलं मी. मीठपाणी हाय ताई, तारखेनं काय हुतंय त्याला?” चहा संपवून त्यांनी बशी खाली ठेवली आणि नवी सुई पाकिटातून काढली. “रुबीना, उजवा हात धर.”

रुबीनाने सासूचा उजवा हात धरला.

“त्यात युरिया हाय,” हाफिजा म्हणाली.

रुबीनाने हात धरूनच ठेवला. तिला वाटलं, ऐकूच गेलं नसेल. म्हणून ती पुन्हा म्हणाली, “झाडाचं पानी हाय ते. मी भरलंय. मीठपाणी काढून टाकलंय. नळाचं पानी आनि युरिया. कशिशला कुंड्यांसाठी दिलं हुतं.”

जोतीरामांनी सुई हळूच पाकिटावर ठेवली. उठून बाटलीचं टोपण चष्म्याजवळ आणून पाहिलं. “रबराला भोक हुतं,” ते पुटपुटले. “मला दिसलं हुतं. मला वाटलं, दवाखान्यातली बाटली हाय, मावशीनं दिल्याली... तिला आमच्यापेक्षा जास्त कळतंय.”

रुबीनाने सासूचा हात सोडला. “खाला, आनि मी तुमाला दुवा देत हुते.”

या सगळ्यात खैरूनबींनी डोळे उघडले होते. त्यांनी नीट ऐकलं होतं. घोगऱ्या आवाजात त्यांनी विचारलं, “युरिया? उसाला घालत्यात त्यो?”

“व्हय.”

“माझ्या हातात किती गेला?”

हाफिजाने बाटलीकडे पाहिलं, नळीकडे पाहिलं. “नळीत हाय ते सोडून, दोन-तीन चमचं. त्यातलं शिरंत किती आनि बाहेर किती, ते मला सांगता येत न्हाय.”

“बरं झालं शीर फुटली,” खैरूनबी म्हणाल्या आणि त्यांनी पुन्हा डोळे मिटले.

जोतीराम दाराकडे सरकत होते. “मोठ्या दवाखान्यात न्या. पर माझं नाव घेऊ नका. या वयात मला पोलीस-बिलीस नगं.”

“तुमचं तुमी बघा,” हाफिजा म्हणाली. तिने नाडी सोडली, बाटली नळीसकट प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि छातीशी धरली. “ही मात्र मी डॉक्टरला दावनार.” पिशवी धरताना तिला आपली एकोणीस वर्षांची नोकरी आठवली. लेबलावर तिच्या दवाखान्याचा शिक्का होता.

विश्वजितने खैरूनबींना उचलून रिक्षात बसवलं. गावातल्या हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टरीण होती. तिने बाटली उजेडात धरली आणि विचारलं, “ही कुणी भरली?”

“मी.”

“तुम्ही दवाखान्यात कामाला आहात?”

“व्हय.”

“मग?” डॉक्टरीण एवढंच म्हणाली. हाफिजा सांगते, तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

रक्त काढलं, हातावर औषधाची पट्टी बांधली, इंजेक्शन दिलं. डॉक्टरीण म्हणाली, अठ्ठेचाळीस तास बघावं लागेल. हात, लघवी आणि मुख्य म्हणजे थंडी वाजून ताप येतो का ते.

ताप सव्वापाचला आला. आधी खैरूनबींचे दात वाजू लागले, मग सगळा पलंग हलू लागला. तीन चादरी घातल्या तरी थंडी जाईना. हाफिजाने असे पेशंट पाहिले होते. त्यातले काही उठून घरी गेले होते, काही नाही. रुबीना पायथ्याशी बसून दुवा पुटपुटत होती. हाफिजाचे ओठ हलत होते, पण शब्द आठवत नव्हते.

साडेपाचच्या सुमारास झिशान आला, कंपनीच्या निळ्या शर्टातच. रुबीनाने त्याला कोपऱ्यात नेऊन सांगितलं. तो आईजवळ आला, कपाळावर हात ठेवला. मग हाफिजाकडे न बघता म्हणाला, “तुमी जावा आता घरी. कशिश एकटी हाय. हितं आमी हाय.”

त्यात रागावणं नव्हतं, म्हणूनच ते जास्त लागलं. हाफिजा उठली. ओढणी नीट केली. त्याच वेळी नर्स नवी सलाईन घेऊन आली.

“ती जायाची न्हाय,” पलंगावरून आवाज आला.

“अम्मी, तू बोलू नगंस.”

“बोलनार. मला आता बाटली लावत्यात. तीत काय हाय, तू सांगशील? रुबीना सांगंल? जोतीराम तीस वर्सं सुया टोचतोय, त्यानं सांगितलं का?” दात वाजत होते, शब्द तुटत होते, पण त्या थांबल्या नाहीत. “ह्या घरात एकटीनंच खरं सांगितलं. ती बसंल. समधन, हिकडं ये. वाच.”

“काय वाचू?”

“बाटलीवरचं. मोठ्यानं वाच.”

नर्स कंटाळून म्हणाली, “आजी, ताजी बाटली आहे, आत्ता खोक्यातून काढली.”

“तुला न्हाय विचारलं.”

हाफिजाने बाटली हातात घेतली. तिचं इंग्रजी दवाखान्याच्या कपाटांवरून शिकलेलं, अक्षर अक्षर जोडून. आधी नाव. मग किती मिली. मग कधी बनवली, कधीपर्यंत चालते. आजूबाजूच्या खाटांवरचे लोक बघत होते. झिशान खाली फरशीकडे बघत उभा होता.

“टोपन?” खैरूनबींनी विचारलं.

हाफिजाने बाटली खिडकीकडे करून रबर पाहिलं. बोट फिरवलं. पुन्हा पाहिलं. “भोक न्हाय. सील हाय.”

“तुझ्यासमोर फोडू दे.”

नर्सने तिच्यासमोर सील फोडलं. तेव्हा कुठे खैरूनबींनी उजवा हात चादरीबाहेर काढला.

ताप तिसऱ्या दिवशी उतरला. तोवर सहा बाटल्या लागल्या, आणि सहाही हाफिजाने वाचल्या. कोल्हापूरला परतल्यावर मोठ्या डॉक्टरांना तिने स्वतः जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी तिला कामावरून काढलं नाही, पण कपाटाची किल्ली आता स्नेहल सिस्टरकडे असते. उरलेल्या तीन बाटल्या रुबीनाने उकिरड्यावर फोडल्या. खैरूनबींच्या डाव्या हातावर रुपयाएवढी काळपट खूण राहिली आहे. झिशान सासूशी बोलू लागला तो मुलगी झाल्यावर, तेही बाळाच्या वजनाविषयी.

आणि हाफिजा? परवा मी तिच्याकडे बसले होते. बाळाला ताप होता. कशिशने औषधाची बाटली आणली आणि चमचा भरला. हाफिजाने चमचा तिच्या हातातून काढून घेतला, बाटली खिडकीशी नेली, आणि लेबलावरचं सगळं शेवटपर्यंत वाचून होईपर्यंत बाळाला रडू दिलं.